डॉक्टर व्हायचंय? आधी व्हीलचेअर ढकला!

आपल्याकडे मेडिकलची ॲडमिशन म्हणजे 'नीट'चे मार्क, विषय संपला! अमेरिकेत मात्र पदवी, एमकॅटचे मार्क आणि वर स्वयंसेवेचा हिशेब. तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात जास्तीत जास्त १५ कामं लिहिता येतात, तासांसकट. त्यातल्या तीनांबद्दल सविस्तर लिहायचं: त्यातून काय मिळालं? खरी मेख इथेच आहे. हॉस्पिटलात व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराला पेशंटची भीती, वॉर्डातला वास, नातेवाइकांची चिडचिड जवळून दिसते. हे आपल्याला झेपेल का, ते ॲडमिशनआधीच कळतं. (आपण ब्रँच घेताना कुठे कळलं होतं?) नुसते तास भरणारेही असतातच म्हणा, आपल्या एनएसएससारखे. पण मुलाखतीत 'लक्षात राहिलेला एखादा पेशंट सांगा' म्हटलं, की त्यांची बोबडी वळते.