रानवाटांचे अर्थकारण

हाती नकाशा व होकायंत्र घेऊन रानातील ठाणी क्रमाने गाठावयाची, वाट मात्र ज्याची त्याने शोधावयाची, असा ओरिएंटिअरिंगचा खेळ. स्वीडनमध्ये जुलै महिन्यात भरणारा त्याचा ‘ओ-रिंगेन’ हा सप्ताह १९६५ साली सुमारे १५० स्पर्धकांनिशी सुरू झाला. १९८५ साली फालून येथे ही संख्या २५,००० वर गेली. नामवंत खेळाडूंबरोबर शाळकरी मुले आणि आजीआजोबाही त्यात उतरतात.

आठवड्याची ही धाव वर्षभराच्या व्यायामावर उभी असते, हे उघड आहे. त्याचे श्रेय केवळ तेथील सुबत्तेला देणे मला अपुरे वाटते. सुबत्तेने क्रीडागारे उभी राहतात. त्यांच्या दाराशी पुन्हा प्रवेशशुल्क असतेच. स्वीडनमध्ये खाजगी मालकीच्या रानातूनही पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना आहे. उभे पीक तुडवू नये, कोणाच्या अंगणात शिरू नये, हे दंडक मात्र पाळावे लागतात. रूढीने चालत आलेल्या या हक्काचा उल्लेख १९९४ साली राज्यघटनेतही झाला. मोठ्या स्पर्धेसाठी आयोजकांना जमीनमालकांशी बोलणी करावी लागतात, हे खरे. परंतु रोज सायंकाळी रानात धावावयास निघालेल्या कारकुनाला ना परवानगी लागते, ना वर्गणी.