अतिसूक्ष्म वाटेने येणारे पाणी

आखातात आपल्या नळाला येणारे पाणी मुळात समुद्राचे, हे आपण सारेच जाणतो. पण ते खाऱ्याचे गोडे होते तरी कसे? पूर्वी मुख्यतः समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करीत. आता भर आहे तो ‘रिव्हर्स ऑस्मोसिस’वर, म्हणजे उलट्या परासरणावर. अबुधाबीतील तवीला येथील प्रकल्पाची या पद्धतीची क्षमता दिवसाला सुमारे ९० कोटी लिटर आहे. एवढे पाणी ज्या फटींतून येते, त्यांची रुंदी मात्र एक नॅनोमीटरहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या एक लक्षांशाहूनही लहान!

साध्या नळीचा नियम प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास मांडला. व्यास निम्मा केला, तर त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. कारण भिंतीलगतचे पाणी जागचे हलत नाही आणि अरुंद नळीत भिंतीचाच प्रभाव अधिक.

नॅनोमीटरच्या जगात हा हिशेब कोलमडतो. तेथे पाण्याचे जेमतेम दोन-तीन रेणू शेजारी शेजारी मावतात. ‘प्रवाह’ असा उरतच नाही, प्रत्येक रेणूचा भिंतीशी स्वतंत्र व्यवहार चालतो. मिठातील सोडियमचा कण तर पाण्याच्या रेणूंचा अंगरखा घालूनच वावरतो. तो उतरविल्याशिवाय आत शिरणे कठीण आणि उतरवायला ऊर्जा लागते. म्हणून मीठ मागे राहते.

पण अरुंद वाट नेहमी संथच असते असे नाही. कार्बनच्या गुळगुळीत नलिकांतून पाणी अपेक्षेच्या हजारपटीहून अधिक वेगाने जाते, असे २००६ साली अमेरिकेत आढळले. आपल्या पेशींतील ‘अ‍ॅक्वापोरिन’ या प्रथिनातून तर रेणू एका रांगेत, सेकंदाला अब्जावधी या वेगाने जातात. त्याच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे नोबेल मिळाले.

कारखान्यातील पटलातून पाणी नेमके कसे जाते, यावर मात्र अजून वाद आहे. ते पटलात विरघळून झिरपते, हे जुने मत. दाबाने ढकलले जाऊन ते छिद्रांतून पुंजक्यांनी वाहते, असे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडले.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. आखाताचे पाणी इतर समुद्रांहून खारट. ते पटलापार ढकलण्यास हवेच्या दाबाच्या साठ-सत्तर पट दाब लागतो. ही वाट नीट उमगली, तर कमी विजेत टिकाऊ पटले करता येतील. शिवाय वाट तुंबतेही लवकर: २००८-०९ मध्ये समुद्रात लाल शेवाळ माजले, तेव्हा येथील काही प्रकल्प बंद ठेवावे लागले होते. नद्या नसलेल्या या देशात घराघरातली तहान या अदृश्य फटींवर विसंबून आहे.