जर-तरचा इतिहास (लेखांक सहावा) : लाय पाटलाच्या शिड्या

रायगडावर राज्याभिषेक होऊन दोन वर्षे लोटली होती, तरीही मोगल दरबाराच्या लेखी शिवाजीमहाराज बंडखोरच होते. अशा १६७६ साली पेशवे मोरोपंत पिंगळे दहा हजारांची फौज घेऊन दंडाराजपुरीस उतरले आणि राजपुरीच्या खाडीच्या मुखावर भर पाण्यात उभ्या असलेल्या जंजिऱ्याला त्यांनी मोर्चे लावले. तोफांचा मारा तटाला पुरेना, तेव्हा मोरोपंतांनी लाय पाटील या कोळी नाईकाला बोलावून रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावण्याचे काम सांगितले, आणि मागोमाग लष्कर वर चढविण्याचे वचन दिले, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. लाय पाटलाने आपल्या माणसांनिशी, पहारेकऱ्यांच्या डोक्याखाली, शिड्या लावल्या. ठरलेले लष्कर मात्र आले नाही. उजाडण्याची वेळ झाली तेव्हा त्या शिड्या काढून घेऊन तो परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला असता दर्यावर फिरणाऱ्याला पालखीचा काय उपयोग म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. मग महाराजांनी ‘पालखी’ नावाचे गलबत बांधवून त्याच्या स्वाधीन केले. एका अपुऱ्या राहिलेल्या छाप्याचा एवढा गौरव राजाने करावा, यातच त्या रात्रीचे मोल त्याने किती अचूक ओळखले होते हे दिसते.

आता समजा, लष्कर वेळेवर पोहोचले असते आणि जंजिरा पडला असता. जंजिऱ्याचा धनी असलेल्या सिद्दीचे बळ त्या एका रात्रीत संपले असते असे समजणे मात्र अतिउत्साहाचे होईल. कारण त्याचा मुख्य सरदार सिद्दी कासम मोगलांचे आरमार घेऊन सुरतेकडे होता आणि तेथूनच येऊन त्याने पुढे तो वेढा उठविला. ते आरमार मोगलांच्या द्रव्यावर पोसले जाई आणि पावसाळ्यात इंग्रजांची नाराजी पत्करूनही मुंबईच्या आश्रयाला राही. जंजिरा गेल्यावर सिद्दी बेघर झाला असता, निःशस्त्र नव्हे. सुरत आणि मुंबई या दोन परक्या बंदरांवर त्याला सर्वस्वी विसंबावे लागले असते, आणि १६७९ साली खांदेरी बेटावर महाराजांनी जे बांधकाम आरंभिले त्याच्या उरावर शेजारच्या उंदेरीत ठाणे घालणे त्याला फार जड गेले असते.

परंतु जंजिरा पडला असता तर काय बदलले असते, या प्रश्नाचे खरे उत्तर समुद्रावर शोधण्यापेक्षा सावित्रीच्या खोऱ्यात शोधावे. रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला, जिजाबाईंच्या वाड्यापाशी उभे राहिले म्हणजे समोरचा डोंगर एवढा अभेद्य वाटतो की समुद्राचे भय इथवर पोहोचत असेल यावर विश्वास बसत नाही. पण भरतीच्या पाण्याने बाणकोटाहून तरांडी महाडपर्यंत येत, आणि महाड म्हणजे राजधानीचा उंबरठा. संभाजीमहाराजांनी १६८२ च्या आरंभी जंजिऱ्यावर स्वारी केली, मधली खाडी दगडांनी भरून वाट करण्याचा अचाट उद्योग मांडला, पण मोगल फौज कल्याणकडे उतरल्यामुळे त्यांना परतावे लागले. वेढा पुढे चालविण्याचे काम महाडच्या दादाजी रघुनाथ देशपांडे यांच्याकडे आले, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात होड्यांतून केलेला त्यांचा हल्ला मोठ्या प्राणहानीनिशी फसला. सिद्दीने सूड म्हणून किनाऱ्याचा मुलूख जाळला, गुरे मारली, बायका धरून नेल्या. थेट महाडात शिरून खुद्द दादाजींच्या पत्नीलाही त्याने पळवून नेले. त्या माउलीचे नाव बखरकारांनी नोंदविण्याची तसदी घेतली नाही, याची खंत वाटते.

रायगडाचे प्राक्तन मात्र शिड्यांनी बदलले नसते, असा माझा स्पष्ट निर्णय आहे. १६८९ साली संभाजीमहाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि इतिकादखानाने गडाला वेढा घातला तो बादशाही लष्कराच्या बळावर. त्या संकटाचे मूळ जमिनीवरचे होते. पण गड पडल्यावर तो सिद्दीच्या हवाली झाला आणि १६८९ पासून १७३३ पर्यंत, दोन पिढ्या, महाडच्या रयतेवर त्याचा अंमल राहिला, हा भाग टळू शकला असता. जंजिरा हातात नसलेल्या सिद्दीला बादशहाने इतक्या आत ठाणे दिले असते असे वाटत नाही. लाय पाटलाच्या शिड्यांनी साम्राज्य वाचले नसते. महाडची गुरे, शेते आणि लेकीबाळी वाचल्या असत्या, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही तो छापा यशस्वी व्हायला हवा होता.

महाड-पोलादपूरकडील ज्या वाचकांच्या घरी वतनाचे जुने कागद रुमालात बांधून ठेवलेले असतील, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला अवश्य दाखवावेत. पुढील लेखांकात १६६५ सालच्या बसरूरच्या स्वारीचा विचार करू.