साडेसहा टँकर आणि एक चमचा चूर्ण

उमरी, भोकर, धर्माबादकडे कुणाला शुगर निघाली की लगेच घरात जांभळाच्या बियांचं चूर्ण येतं. तपकिरी, तुरट, सकाळी अनशापोटी एक चमचा. पाठोपाठ कारल्याचा रस, गुडमारचा पाला, भिजवलेली मेथी. यातल्या काहींनी साखर थोडीफार उतरतेही. पण ‘किडनीसुद्धा साफ होते’ असं सांगत कुणी पुडी हातात ठेवली, तर आधी किडनीचा पसारा पाहावा.

दोन्ही किडन्यांत मिळून सुमारे 20 लाख गाळण्या असतात. अंगात रक्त जेमतेम 5 लिटर. तेच फिरून फिरून येतं आणि दिवसाला 180 लिटर पाणी गाळलं जातं. वर्षाचं झालं 65,700 लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर साडेसहा टँकर! त्यातलं दिवसाला दीड-दोन लिटर तेवढं लघवीवाटे जातं; बाकीचं साखरेसकट रक्तात परत घेतलं जातं.

अल्ब्युमिन या प्रथिनाचा हिशेब तर याहून थक्क करतो. रक्तातलं जे 180 लिटर पाणी गाळलं जातं, त्याच्यासोबत 7 किलोवर अल्ब्युमिन गाळणीच्या तोंडाशी येतं. निरोगी किडनी त्यातलं दिवसाला 30 मिलिग्रॅमही बाहेर सोडत नाही. वर्षानुवर्षं चढलेली शुगर गाळणीची हीच जाळी खराब करते. दुखत नाही, खुपत नाही. मेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही, आणि जवळपास निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं.

आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी 13 कोटी 60 लाख उंबरठ्यावर आहेत.

झाडपाल्याला कमी लेखायचं कारण नाही. 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं. साखर लघवीवाटे बाहेर टाकण्याचा त्याचा गुण धरून पुढे डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घडल्या. 2020 साली डापाग्लिफ्लोझिनची 4,304 किडनीरुग्णांवरची चाचणी जाहीर झाली. नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या 2,152 जणांपैकी 312 जणांची किडनी फार ढासळली किंवा त्यांना किडनीच्या वा हृदयाच्या आजारानं मृत्यू आला. औषध घेणाऱ्या तितक्याच जणांत हा आकडा 197 होता. सालीपासून इथवर यायला 185 वर्षं लागली. पुडीमागे एवढी मोजदाद नसते.

उलट्या बाजूचा पुरावाही आहे. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या चिनी वनौषधींतल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लानं शंभरावर बायकांच्या किडन्या बिघडवल्या. 2004 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

किडनी गेल्यावर डायलिसिस. एका वेळचे चार तास, सुमारे 120 लिटर द्रव, तेही बहुधा आठवड्यातून तीनदा.

म्हणून चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना पुडी दाखवा, चूर्णाच्या भरवशावर गोळी सोडू नका, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन मागून तपासून घ्या.