वळचणीची रेघ

सकाळी ६. मे महिन्यात हिंगोली जिल्ह्यात बांधकामाला उजाडताच हात घालावा लागतो. अकरानंतर गज धरवत नाही. मी घरांचे नकाशे काढतो. आज १९ मे, आणि काम आहे सेनगाव तालुक्यातल्या एका आखाड्यावर. आखाडा म्हणजे आमच्या भागात शेतातलं राहतं ठिकाण: विहीर, गोठा, एखादी खोली. त्या जुन्या खोलीशेजारी २४ फूट लांब, १२ फूट रुंद असं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर उभं राहणार आहे. आज फक्त वळचण ठरवायची.

"पत्रा भिंतीबाहेर किती काढायचा, याला सगळा दिवस?" घर बांधून घेणाऱ्या काकांनी विचारलं. हो, सगळा दिवस.

साडेसात. उत्तर त्यांच्याच जुन्या खोलीनं दिलं. तिचा पत्रा भिंतीबाहेर जेमतेम चार बोटं आलेला. पागोळ्या पडून पडून भिंतीच्या बुडाशी चर पडली आहे आणि कोपऱ्यातून निघालेली तड खिडकीपर्यंत चढली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते. बांधावर आत्ताही हात जाईल एवढ्या भेगा आहेत. पायाशेजारची माती दरवर्षी अशी फुगली-आवळली, तर भिंत कितीही पक्की असो, तडकते. आमच्याकडच्या जुन्या माळवदांना वळचण नसायचीच. पांढऱ्या मातीच्या सपाट धाब्यावरचं पाणी पन्हाळीतून लांब फेकलं जायचं. पत्रा आला, पन्हाळ गेली आणि वळचण मात्र नीट आली नाही. म्हणून इथं उत्तरेला आणि दक्षिणेला पत्रा दोन फूट बाहेर, आणि खाली भिंतीला लागून तीन फुटांची, बाहेर उताराची शहाबादी फरशी. पागोळी फरशीवर पडेल आणि वाहून जाईल.

साडेनऊ. मिस्त्रींची हरकत रास्त होती. "साहेब, दोन फूट मोकळा पत्रा वाऱ्यात राहत नाही." अवकाळीचा वारा वळचणीखाली शिरतो आणि पत्रा खालून उचलतो, छप्पर उडायला सुरुवात काठापासूनच होते. शेवटच्या आडव्या पाइपापुढे पत्रा फुटाहून जास्त मोकळा ठेवायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून छपराची कैची भिंतीबाहेर वाढवून तिथं आणखी एक आडवा पाइप द्यायचा, खालून अँगलचा तिरका टेका, आणि काठाच्या ओळीत जे-हुक जवळजवळ. काकांचा उपाय वेगळा होता: वर दगड ठेवू. त्याला मी साफ नकार दिला. २१ मार्च २०२४ ला पहाटे इथं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा पत्र्यावरचे दगड उतरवून घ्या, असं प्रशासनाला सांगावं लागलं होतं. जुलैमध्ये पुन्हा तेवढाच धक्का बसला. निजल्या माणसाच्या डोक्यावर दगड टांगून ठेवायचा नाही.

दुपारी सव्वाबारा. हीच वेळ साधायला मी आजची तारीख घेतली होती. दोन बांबूंना आडवी काठी बांधली, तिला ओळंबा सोडला. दोरीची सावली ओळंब्याच्या टोकाखाली गोळा झाली. सूर्य बरोब्बर डोक्यावर. हिंगोली १९.७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे असा दिवस वर्षातून दोनदा येतो: आत्ता आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात. मधल्या दोन महिन्यांत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडून जातो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा छज्जा नसला तरी चालेल. तो लागतो मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात. मार्च-सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी सूर्य ७० अंशांवर असतो. दीड फुटाचा छज्जा तेव्हा चार फुटांची खिडकी पूर्ण झाकतो. डिसेंबरात सूर्य ४७ अंशांपर्यंत उतरतो, सावली वरच्या दीड-पावणेदोन फुटांवर थांबते आणि खालून ऊन आत येतं. थंडीत ते हवंच असतं. एकच दीड फूट, दोन्ही ऋतूंना पुरतो. जेवताना काकूंना हे पेल्याची सावली पाडून दाखवलं, तर त्यांनी लगेच विचारलं, "मंग मावळतीच्या भितीचं काय?"

साडेचार. त्याचंच उत्तर शोधत आम्ही पश्चिमेला उभे होतो. सूर्य साधारण ३१ अंशांवर, समोरून. दीड फुटाची फळी धरली तर सावली फूटभरही खाली येईना. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही. तिथं पडवीच हवी. सहा फूट खोल, पुढचा काठ साडेसहा फुटांवर. या वेळी तिची सावली खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत पोचते. साडेपाचनंतरचं ऊन तरीही आत घुसेल, त्याला गोणपाटाचा पडदा आणि बांधावरचा लिंब. तो लिंब तोडायचा बेत होता, तो रद्द झाला. पडवीचा आणखी एक उपयोग काकूंनीच सांगितला: वाळत घातलेली हळद अवकाळीत भिजते, पोती पटकन ओढायला जागा झाली. फक्त पडवीचं छप्पर मूळ छपराला जोडायचं नाही, स्वतःच्या खांबांवर वेगळं ठेवायचं. वाऱ्यानं पडवी गेली तरी घर राहतं.

संध्याकाळी सात. नकाशावर मापं घातली. मिस्त्रींना दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. छज्ज्यातले मुख्य गज वरच्या अंगाला. ओतताना पायाखाली दाबून ते खाली गेले की छज्जा मोडतो. आणि खालच्या कडेला, काठापासून इंचभर आत, अर्ध्या इंचाची खाच, म्हणजे पाणी तिथंच तुटतं, भिंतीकडे वळत नाही. घरकुल असो की आखाडा, पैसे कमी पडले की पहिली कात्री छज्ज्याला लागते. तुम्ही बांधत असाल तर हवं तर एक खोली लहान करा, वळचण छाटू नका.

उद्या सकाळी आखणीची फक्की पडेल. भिंतीची एक रेघ, आणि तिच्या बाहेर दोन फुटांवर दुसरी, पागोळीची.