पैसे मोजले, पुस्तक मात्र कंपनीचंच

बुधवारी, 26 फेब्रुवारी 2025 ला, महाशिवरात्रीच्या गर्दीत परळी बुडालेली असताना अ‍ॅमेझॉनने किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राची एक सोय बंद केली. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकता यायचं, ते आता येत नाही. दुसऱ्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन होता. त्या दिवशीच्या भाषणांत हा विषय निघाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

वायफायवरून पुस्तकं येतच राहतील, हे खरं. पण आपली प्रत आपल्या ताब्यात ठेवायची सगळ्यात सोपी वाट तीच होती. 2009 साली ऑर्वेलचं ‘1984’ याच कंपनीने ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलं होतं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. 2019 साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच गुंडाळलं. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली.

आपलं सरकारही ई-पुस्तकाला वस्तू मानत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. त्याचीच ई-आवृत्ती घेतली की ती ‘सेवा’ ठरते आणि 5 टक्के लागतात. कॅलिफोर्नियात जानेवारी 2025 पासून विक्रेत्याला सांगावं लागतं, की तुम्ही मालकी नव्हे, परवाना घेताय. आपल्याकडे असा नियम माझ्या तरी पाहण्यात नाही.

याउलट अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं, त्याला चारशे वर्षं झाली. कापड विरलं, पण ते वाचायला कुणाच्या खात्यात शिरावं लागत नाही. मला हे तंत्रज्ञान आजही सरस वाटतं.

बीडसारख्या जिल्ह्यात एक पुस्तक एकाच्या हाती राहत नाही. वाचनालयातून घरी, घरातून शेजारी, तिथून स्पर्धा परीक्षेच्या पोरांकडे. ई-पुस्तकाच्या परवान्यात ही साखळी बसत नाही. वाचनालयातून किंडलवर पुस्तक उसनं मिळतं, पण ते अमेरिकेत. मराठी दुकानंही वेगळी नाहीत. बुकगंगाचं ई-पुस्तक वाचायला बुकगंगाचंच अ‍ॅप लागतं.

उलट ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ पीडीएफ फुकट देतं, तीही बिनकुलपाची. पेनड्राइव्हवर घ्या, गावभर वाटा. नवी गाजलेली कादंबरी मात्र तिथे सहसा सापडणार नाही. प्रकाशक ती कुलूप लावूनच विकतात.