मोजमाप बिघडवणारे पिकोफॅराड

बॅटरीवर चालणाऱ्या लहान उपकरणांत लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज वेळोवेळी तपासावे लागते. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्ट देतो आणि साधारण 3 व्होल्टपर्यंत उतरला की तो रिकामा मानतात. त्यासाठी दोन समान रोध एकसरीत जोडून व्होल्टेज निम्मे करतात आणि मधल्या बिंदूवर ते मायक्रोकंट्रोलरने मोजतात. रोध 10 किलोओहमचे घेतले, तर वर्षभरात सुमारे 1,840 मिलीअँपिअर-तास, म्हणजे एखाद्या मध्यम सेलची सारी पुंजी, केवळ मोजण्यापायी खर्ची पडते. म्हणून 1 मेगाओहमचे रोध निवडले जातात. खर्च शंभरावा हिस्सा उरतो, पण मधला बिंदू बाह्य उपद्रवापुढे दुबळा होतो.

धारकता म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता. कपॅसिटरमध्ये ती हेतुतः निर्माण केलेली असते, परंतु जवळजवळच्या कोणत्याही दोन वाहकांमध्ये ती आपोआप असतेच, आणि अशा अनाहूत धारकतेला परजीवी धारकता म्हणतात. सर्किट बोर्डवर शेजारून जाणाऱ्या दोन तांब्याच्या पट्ट्यांत ती 1 पिकोफॅराड, म्हणजे फॅराडचा एक लाख कोटीवा भाग, सहज भरते. मधल्या बिंदूची ग्राउंडशी असलेली धारकता, पिनेसह, 10 पिकोफॅराड धरली आणि शेजारच्या पट्टीवरचा संकेत 3.3 व्होल्टवरून शून्यावर आला, तर त्या उतरणीचा अकरावा हिस्सा, 0.3 व्होल्ट, या बिंदूवर उमटतो आणि सेलच्या मोजणीत दुप्पट होऊन 0.6 व्होल्टची तूट दिसते. हा धक्का काही मायक्रोसेकंदांत ओसरतो खरा, पण नेमकी त्याच क्षणी मोजणी झाली, तर 3.6 व्होल्टचा चांगला सेल रिकामा ठरून उपकरण विनाकारण बंद पडते.

यावरचा उपाय धारकतेचाच आहे. मधला बिंदू आणि ग्राउंड यांमध्ये 100 नॅनोफॅराडचा बायपास कपॅसिटर, म्हणजे गोंगाटाला परस्पर ग्राउंडकडे वाट देणारा कपॅसिटर, जोडला की तोच धक्का 33 मायक्रोव्होल्टवर येतो. शिवाय एटीमेगा 328पी सारख्या मायक्रोकंट्रोलरमधला सुमारे 14 पिकोफॅराडचा नमुना-कपॅसिटर प्रत्येक मोजणीला जो भार ओढतो, तो एवढ्या मोठ्या रोधांतून वेळेत पोचत नाही. बायपास कपॅसिटर तो तत्काळ पुरवतो. मात्र तो पिनेला खेटून असावा, कारण पट्टीच्या दर मिलिमीटरला सुमारे 1 नॅनोहेन्री प्रेरकता येते आणि 10 मिलिमीटर अंतर पडल्यास 5 मेगाहर्ट्झच्या पुढे तो कपॅसिटरसारखा वागतच नाही.

मूल्य वाढवत नेणेही घातक ठरते. दोन रोधांचा परिणामी 500 किलोओहम रोध आणि 100 नॅनोफॅराड यांचा कालांक 50 मिलिसेकंद होतो, म्हणजे व्होल्टेज अचानक कोसळल्यास त्याची वार्ता तितक्या उशिरा लागते. सेलच्या सावकाश उतरणाऱ्या व्होल्टेजसाठी हे चालते, पण वीज जाता जाता माहिती जतन करायची असेल, तर 1 नॅनोफॅराडवर भागवून, अर्ध्या मिलिसेकंदाच्या बदल्यात 3.3 मिलिव्होल्टचा धक्का पत्करावा लागतो.